गोळ्यांना महिनाभर ‘सुट्टी’ द्यावी का?

प्रश्न: आमचे मालक यंत्रमागावर आहेत. पाळी आठ ते आठ, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. चार वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत, झोपताना घेतात. यंदा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) वाढलाय. गोळ्या मिळतात त्या केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, विषाणू औषधाला दाद देत नसेल. सासूबाई म्हणतात, अंगाला सवय झाली, महिनाभर बंद ठेवा. काय करू? (एक भगिनी, सोलापूर)

उत्तर: ताई, गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत. सासूबाईंचा जीव तुटतोय, पण सवय अंगाला झालेली नाही, विषाणू बदललाय. स्वतःच्या नकला काढताना तो सारखा चुकतो आणि चूक सुधारायची सोय त्याच्याकडे नाही. औषध नसलं तर दिवसात अब्जावधी नकला निघतात. बहुतेक चुका त्यालाच भोवतात, एखादी मात्र पथ्यावर पडते. त्याच्या एका प्रथिनात १८४ व्या जागी एक बदल झाला, की लॅमिव्हुडिन हे औषध जवळपास निकामी. म्हणून तर एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. तिघांना एकदम चकवणं अवघड. पण गोळ्या चुकत गेल्या की रक्तात औषध अपुरं राहतं, आणि त्यातून तगतो तोच विषाणू वाढतो.

औषध थांबवलं की जुना विषाणू पुन्हा वरचढ होतो, तपासणीत बदललेला सापडतही नाही. पण तो पेशींत दडलेला असतो. गोळी सुरू झाली की डोकं वर काढतो.

मालक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण ‘झोपताना’ची वेळ दर आठवड्याला उलटी होते, आणि खिशात डबी वाजते म्हणून कारखान्यात नेतही नसतील. भांडू नका, महिनाअखेरीला उरलेल्या गोळ्या मोजा. सकाळच्या चहाबरोबर घ्यायला सांगा: दिवसपाळीला निघताना, रातपाळीहून आल्यावर. तास-दीड तासाचा फरक चालतो. वेळ बदलण्याआधी मॅडमना विचारा. पित्ताचं पातळ औषध किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा, त्यामुळे डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही.

केंद्रात आधी काही महिने गोळ्या नेमाने घ्यायला लावून लोड पुन्हा तपासतील. तरी उतरला नाही, तर औषधं बदलतील. तीही सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल पत्रात अक्षर नाही. याच आठवड्यात करून घ्या, आणि लोड उतरेपर्यंत निरोध वापराच. बदललेला विषाणू तुम्हाला लागला, तर तुमच्यावर हीच औषधं पहिल्या दिवसापासून तोकडी पडू शकतात.