बीपी नॉर्मल आलं, आता गोळी कशाला?

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे, सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेत. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ रोज घ्यायला सांगितलंय. घरच्या मशिनवर १२८/८० आलं की ते गोळ्या बंद करतात. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले दर महिन्याला विचारतात, ‘काकांच्या गोळ्या संपल्या असतील ना?’ सासरे चिडतात, म्हणतात त्यांना धंदा करायचाय. मेडिकलवाल्यांनी यात पडावं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, पडावं, आणि त्या मेडिकलवाल्यांनी विचारणं सोडू नये. माझं दुकान पंचवटीत, दिंडोरी नाक्याजवळ आहे. तीस दिवसांच्या गोळ्या नेलेला माणूस पन्नासाव्या दिवशी आला की मधले वीस दिवस तसेच गेले, हे आम्हाला बिल काढतानाच कळतं. डॉक्टरांना ते कळायला मार्ग नसतो. ते तीन महिन्यांनी १६० बघतात आणि गोळी पुरत नाही असं समजून डोस वाढवतात. पुढे घरच्यांच्या धाकाने तो वाढीव डोस रोज पोटात गेला की उठताना चक्कर येते, आणि बदनाम होते ती गोळी. हे मी फार घरांत होताना पाहिलंय.

१२८/८० आलं ते गोळ्या चालू आहेत म्हणून. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे बंद केल्यावरही काही दिवस आकडा बरा दिसतो आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही नॉर्मलच आहे. मग बीपी हळूहळू चढतं. ते चढलेलं बहुतेकांना जाणवतही नाही. डोकं दुखायची वाट बघत बसू नका.

तरी सासऱ्यांशी वाद घालू नका. ‘नॉर्मल झालं’ हे कधीकधी सांगण्यापुरतं कारण असतं. मखमलाबादच्या एक आजी म्हणायच्या, गोळी उष्ण पडते. मी त्यांना बाकावर बसवून पाय बघितले, तर चपलेचा पट्टा घोट्याजवळ रुतून वळ उठला होता. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. आजी घाबरून दिवसाआड गोळी घेत होत्या आणि सुनेला रिकामी पट्टी दाखवत होत्या. मी चिठ्ठीवर सगळं लिहून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी औषध बदललं, सूज उतरली. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्याच दुसऱ्या गोळ्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो. लघवीची गोळी असेल तर लोक एसटीचा प्रवास असला की ती टाळतात. आणि खर्च! तो तर कोणी तोंडाने सांगतच नाही. डॉक्टरांना विचारून त्याच औषधाची जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रातून घेतली तर बराच फरक पडतो. आपल्याकडे हे सांगायला मेडिकलवाले बिचकतात, ते मला पटत नाही. महागडी पट्टी अर्धीच खाल्ली गेली तर रुग्णाच्या पदरात काय पडलं?

सासऱ्यांना एकट्याने दुकानात जाऊ द्या, दुपारी गर्दी नसताना. सुनेसमोर जे बोलणार नाहीत ते तिथे बोलतील.

गोळी सकाळी की रात्री, यावर घरोघरी वाद असतात. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला, २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले : हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात टाळण्यात दोन्ही वेळा सारख्याच. तेव्हा डॉक्टरांनी मुद्दाम वेळ ठरवून दिली नसेल, तर सासऱ्यांचा जो चहा कधीच चुकत नाही त्याच्या डब्याशेजारी पट्टी ठेवा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

वारांच्या कप्प्यांची डबी आणणार असाल तर एक सांभाळा. टेल्मिसार्टनची गोळी हवेतला ओलावा ओढते. ती सोलून डबीत टाकू नका. कात्रीने फॉइलसकट एकेक गोळी कापून ठेवा. आणि सुट्या गोळ्या घेताना नाव व एक्स्पायरी छापलेला तुकडा तुमच्याकडे येतोय का बघा. नसेल तर मेडिकलवाल्यांकडून पाकिटावर लिहून घ्या. द्राक्षाच्या छाटणीला निफाडकडे गावी राहायला जात असतील तर जास्तीची पट्टी आधीच पिशवीत टाका. अशा मुक्कामात हमखास खंड पडतो.

गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मनानेच घेत असतील तर तेही मेडिकलवाल्यांना सांगा, त्याने बीपी वाढतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही विचारल्याशिवाय नको; त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. पुढेमागे अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन सुरू झालं तर ते एकदम कधीच तोडू नका, बीपी उसळतं.

आणि कधी आकडा १८०/१२० च्या वर गेला, सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असलं, तर आमच्या दुकानात यायचं नाही. १०८ ला फोन करा, थेट दवाखाना गाठा.