एकाच तुकड्याची तीन रीडिंग

"मॅडम, मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात प्रॅक्टिकलला स्टीलच्या एका तुकड्याची रॉकवेल हार्डनेस काढायची होती. मला तीन रीडिंग आली: 42, 38 आणि 47. सरांनी सरासरी काढून जर्नल पूर्ण करायला सांगितलं. ते मी केलं, पण तुकडा एकच असताना आकडे वेगळे का, हे डोक्यातून जात नाही. मटेरियल्समध्ये, त्यातही पृष्ठभागाच्या गुणधर्मांवर संशोधन करावं असं वाटायला लागलंय. दादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, 'लोखंडात आता शोधायचं काय उरलंय?' बाबांना वाटतं मी जन्मभर तुकडे घासत बसेन. माझं गणित बरं आहे, केमिस्ट्री कच्ची आहे. काय करू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तीन आकड्यांपाशी थांबले. करिअरचं नंतर बघू, आधी आकडे.

रॉकवेलच्या 'सी' स्केलवर हिऱ्याचा 120 अंशांचा शंकू आधी 10 किलोच्या भाराने टेकतो, मग एकूण भार 150 किलो होतो, आणि जादा भार काढून घेतल्यावर शंकू किती खोल रुतून राहिला ते मशीन मोजतं. डायलवर हार्डनेस दिसते, पण मोजली जाते ती खोली. तिथला एक अंक म्हणजे 0.002 मिलिमीटर. तुझ्या 38 आणि 47 मधला फरक भरतो 0.018 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाव. आता विचार कर: तुकडा ज्या बैठकीवर ठेवतात त्या अ‍ॅन्व्हिलवर एक बारीक कण राहिला आणि भार आल्यावर तो 0.01 मिलिमीटर दबला, तर स्टीलचा काही दोष नसताना पाच अंक गेले. इंडेंटर (म्हणजे तो शंकू) किंवा अ‍ॅन्व्हिल बदलल्यावर पहिलं रीडिंग नीट बसत नाही, म्हणून जुने लॅब असिस्टंट ते लिहूनच घेत नाहीत. तुझं 42 कदाचित त्यातलंच असेल.

पण कण नसेल तर? दुसरा ठसा पहिल्याच्या फार जवळ घेतला असेल. पहिल्या ठशाभोवतीचं स्टील दबून कडक झालेलं असतं, म्हणून दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतर ठेवतात. किंवा कडेच्या अगदी जवळ घेतला असेल. तिथे आधार कमी, म्हणून आकडा कमी. किंवा, आणि मला ही शक्यता सगळ्यात आवडते, तुकडा उघड्या भट्टीत तापवलेला असेल आणि वरच्या थरातला कार्बन जळून गेला असेल. मग वरची कातडी मऊ आणि आतलं स्टील कडक. जिथे ग्राइंडिंग जास्त झालं तिथे 47, जिथे कातडी शिल्लक राहिली तिथे 38. तसं असेल तर तुझी तिन्ही रीडिंग बरोबर आहेत आणि चूक आहे ती फक्त सरासरी.

तुझ्या सरांना दोष देत नाही. दोन तासांत वीस मुलांचं प्रॅक्टिकल संपवायचं तर दुसरं काय सांगणार! पण तू ज्या क्षेत्राबद्दल विचारते आहेस, ते या आकड्यांच्या पसाऱ्यावरच उभं आहे. ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन इंजिनीअरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस का तुटतात याचा मागोवा घेतला. एकदा दिलेला भार जो आस आरामात पेलतो, तोच आस त्याहून कमी भार लाखो वेळा आलटून पालटून दिला की तुटतो, हे त्याने चाचण्या घेऊन दाखवलं. आज आपण त्याला फटीग म्हणतो. एकाच सळईतून कापलेले, एकाच मशीनवर बनवलेले दहा नमुने फटीगला लाव. सगळ्यात आधी तुटणारा आणि सगळ्यात शेवटी तुटणारा यांच्या आयुष्यात दसपटीचा फरक पडला तरी या कामातल्या माणसाला आश्चर्य वाटत नाही. तिथे सरासरीला कोण विचारतं? विमान पडेल ते सगळ्यात आधी तुटणाऱ्या भागामुळे. वालोडी वायबुल या स्वीडिश इंजिनीअरच्या 1951 सालच्या पेपरमुळे गाजलेलं वितरण, म्हणजे कुठला आकडा येण्याची शक्यता किती ते सांगणारं सूत्र, अशाच पसाऱ्याला गणितात बसवतं. तुझं गणित बरं आहे म्हणतेस, तर स्टॅटिस्टिक्स ऑप्शनला टाकू नकोस.

पृष्ठभागाचं म्हणशील तर फटीगची भेग बहुतेक वेळा वरूनच सुरू होते. दोन शाफ्ट घे, स्टील एकच, हार्डनेस एकच. एकाचं ग्राइंडिंग घाईने झालंय, पृष्ठभाग तापला आणि निवताना तिथे ताण अडकून बसला. डोळ्यांना चकचकीत दिसतो, पण भेगेला उघडायला आधीच कुणीतरी हात लावून ठेवल्यासारखं आहे. दुसऱ्यावर बारीक गोळ्यांचा मारा केलाय, ज्याला शॉट पीनिंग म्हणतात. त्याची वरची कातडी दाबाखाली आहे, त्यामुळे भेग उघडायला तयारच होत नाही. हा दुसरा भाराचे किती तरी जास्त फेरे काढतो. नमुना ओढून तोडायच्या टेन्साइल टेस्टला दोघांत फरक दिसणार नाही.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, पण त्याला तारखा सांग. धातू आतून ज्या कणांचा (ग्रेनचा) बनलेला असतो ते बारीक झाले की ताकद किती वाढते, हे हॉल आणि पेच या संशोधकांनी मांडलं 1951 ते 1953 मध्ये. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव रूढ झालं ते ब्रिटनमधल्या 1966 च्या जोस्ट अहवालामुळे. टूलवर जो सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा लेप असतो, तो दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश. त्यावर तुझा रॉकवेलचा शंकू टेकवलास तर तो लेप फोडून खालच्या स्टीलची हार्डनेस सांगेल. लेपाची हवी असेल तर ठसा लेपाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून उथळ हवा, म्हणजे दोन-तीनशे नॅनोमीटर. इतका बारीक ठसा मोजून विश्वासार्ह आकडा काढायची आज सर्रास वापरली जाणारी रीत ऑलिव्हर आणि फार या दोन संशोधकांनी 1992 मध्ये मांडली. ती दादापेक्षा फार मोठी नसावी! आणि जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश घर्षणावर मात करण्यात जाते, असा 2017 चा एक अंदाज आहे. उरलेलं बरंच आहे, असं त्याला माझ्यातर्फे सांग.

बाबांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

तुकडे घासावे लागतात. भरपूर. 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक 400, 600, 800, 1200. दर पेपरला नमुना 90 अंशांत फिरवायचा आणि आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत घासायचा. मग कापडावर डायमंड पेस्ट, 6 मायक्रॉन, 3, 1. मग अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक अ‍ॅसिड, त्यात काही सेकंद, धुणं, वाळवणं. एवढं करून मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बोटाचा ठसा दिसला तर परत मागे. माझ्या पहिल्या वर्षी मी एक भेग शोधून काढली होती. तीन दिवस तिचे फोटो काढले, लांबी मोजली, गाइडना दाखवायला आनंदात गेले. त्यांनी नमुना घेतला, 1200 च्या पेपरवर आडवा फिरवून चार हात मारले आणि परत दिला. भेग गेली होती. 600 च्या पेपरची रेघ होती ती. त्या दिवशी रडले, पण त्यानंतर पॉलिशिंगला कधी कमी लेखलं नाही.

याखेरीज मास्टर्सची दोन वर्षं, पीएच.डी.ची चार-पाच, कधी जास्त. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळायला ताटकळणं. फटीग मशीन आठवडाभर चालून नेमका पकडीतूनच नमुना तुटणं, म्हणजे तो निकाल बाद. पगार दादासारखा भराभर चढणार नाही, हे घरात आत्ताच बोलून ठेव. पाच वर्षांनी बोललीस तर ते भांडण होईल.

'जन्मभर' हा शब्द मात्र बाबांनी मागे घ्यायला हरकत नाही. हे शिकलेली माणसं तुटलेल्या भागांची कारणमीमांसा करतात, बेअरिंग आणि टर्बाइनच्या पात्यांचे लेप ठरवतात, शरीरात बसवायच्या सांध्यांची झीज तपासतात. धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमधून निघालेला भाग खडबडीत असतो, आत बारीक पोकळ्या असतात, त्याचं फटीगमध्ये काय होणार हा प्रश्न सध्या गरम आहे. डेटावाल्यांनाही इथे काम आहे, फक्त एक फरक: इथला प्रत्येक डेटा पॉइंट म्हणजे एक तोडलेला नमुना. म्हणून थोडक्या आकड्यांतून जास्त काढायची विद्या लागते. दादाला विचार, पायथन शिकवेल. तेवढ्याने त्याचा विरोधही मावळेल.

केमिस्ट्री कच्ची आहे ना? सगळी नको. पण विसरण (डिफ्यूजन), फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला आणि रचनेला धातू कोणत्या रूपात असतो त्याची आकृती) आणि गंज या तीन गोष्टींपासून सुटका नाही. लोखंड-कार्बनची फेज आकृती पाठ करू नकोस. एक रचना निवड, 0.4 टक्के कार्बन, आणि वरून थंड होत खाली येताना काय काय होतं ते कागदावर स्वतः काढ. जमलं तर केमिस्ट्रीची भीती निम्मी जाईल.

पुढे गाइड निवडायची वेळ येईल तेव्हा मशीनची यादी आणि पेपरांची संख्या बघून हुरळून जाऊ नकोस. त्यांचे दोन पेपर उघड आणि बघ, आकड्यापुढे पसारा दिलाय का, नमुने किती होते ते लिहिलंय का. मग त्यांच्या एखाद्या विद्यार्थिनीला विचार, नमुने तू स्वतः बनवतेस का. ज्या गटात नमुने एकजण बनवतो, टेस्ट दुसरा करतो आणि लिहितो तिसराच, तिथे पेपर पटापट निघतात, पण तुझ्यासारखा प्रश्न पडलेल्या मुलीची तिथे घुसमट होते. हे माझं मत, सगळ्यांना पटत नाही.

निर्णयाची घाई नाही, अजून वर्ष आहे. तोवर एक तुटलेला बोल्ट किंवा शाफ्टचा तुकडा मिळव आणि भिंगाखाली तुटलेला भाग बघ. किनाऱ्यावर लाटांच्या खुणा राहतात तशा वळ्या दिसल्या तर ते फटीग, आणि वळ्या जिथून सुरू होतात तिथे भेगेचा जन्म. दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघायचा मोह होईल, तो आवर. टोकं घासली की पुरावा पुसला जातो.

आणि तो तुमच्या लॅबमधला तुकडा अजून कपाटात असेल, तर सरांना विनंती करून अर्धा तास मशीन माग. अ‍ॅन्व्हिल आणि तुकड्याची खालची बाजू कापडाने पूस. पहिलं रीडिंग सोडून दे. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुरेसं अंतर ठेवून दहा ठसे घे, आणि आकडे एका ओळीत न लिहिता तुकड्याचं चित्र काढून त्या त्या जागी लिही. ते चित्र मला पाठव. 38 कुठे आला ते मला बघायचंय.