‘पोषक’ कोणाला आणि कशाला?

प्रश्न असा: ‘अन्नातली पोषकद्रव्ये जैवपटलाला पोषक असतात’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि बायोफिल्मला, म्हणजे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती जे चिकट जैवपटल धरतात त्याला, नुसते ‘थर’ का म्हणू नये?

व्याकरण ठीक आहे, पण ‘पोषक’ दोनदा आलाय आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा. पहिला ‘पोसणारा’, पुष् धातूवरून आलेला. दुसरा ‘अनुकूल’. ‘पावसाला पोषक हवामान’ म्हणतो तेव्हा पावसाला कोणी जेवू घालत नसते! जिवाणूंच्या बाबतीत मात्र ही सरमिसळ नडते. जिवाणू पोसले जाणे वेगळे, त्यांनी पृष्ठभागाला चिकटून पटल धरणे वेगळे.

शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू वाढतो. ग्लुकोजवरही तो मजेत पोसला जातो, पण डेक्स्ट्रान हा चिकटा बनवायला त्याला सुक्रोज, म्हणजे उसातली साखरच लागते. सुक्रोज फोडायचे, ग्लुकोज साखळीत ओवायचे, फ्रुक्टोज सोडून द्यायचे, असे त्याचे काम. त्या चिकट्याने रस दाट होतो, गाळण्या तुंबतात, साखरेचा दाणा लांबट पडतो.

अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचे उलटे. मीठ नसलेल्या, अन्नद्रव्ये कमी असलेल्या माध्यमावर, तेही 37 ऐवजी 28 अंशांना, तो कर्ली या प्रथिनाचे तंतू आणि सेल्युलोज काढून पटल विणतो. म्हणजे पोटाला कमी, तरी पटलाला अनुकूल.

म्हणून पहिल्या अर्थी शेतीत रुळलेला ‘अन्नद्रव्य’ घ्यावा, दुसऱ्या अर्थी सरळ ‘अनुकूल’: ‘खाद्यपदार्थातली काही अन्नद्रव्ये काही जिवाणूंच्या जैवपटलाला अनुकूल ठरतात.’ दोनदा आलेला ‘काही’ खटकेल, पण तो काढला की वाक्य खोटे होते.

‘थर’ फार ढोबळ. दुधाच्या टाकीत कॅल्शियमचे क्षार आणि प्रथिने मिळून बसणारा मिल्कस्टोनही थरच, पण तो निर्जीव. तो हाताला खरखरीत लागतो. जैवपटल जाड झाले की बुळबुळीत. अर्थात मिल्कस्टोनचा खरखरीत खडा हीच जिवाणूंना धरून बसायची जागा, त्यामुळे धुताना दोन्ही काढावे लागतात. आधी कोमट पाणी. एकदम कढत ओतले तर प्रथिने स्टीलवर शिजून बसतात. मग 70 ते 75 अंशांचे 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण, त्याने प्रथिने आणि स्निग्धांश सुटतात. पाण्याने खळबळून मग 0.5 ते 1 टक्का नायट्रिक आम्ल, ते क्षारांसाठी. पुन्हा पाणी, आणि निर्जंतुकीकरण सगळ्यात शेवटी. मळ तसाच ठेवून क्लोरीन ओतले तर ते मळातच खर्ची पडते, पटलाच्या आतल्या जिवाणूपर्यंत पोचतच नाही.