बोट द्यावं की कार्ड ठेवावं?

प्रश्न: आमच्या कार्यालयात कार्ड बंद करून बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र बसतंय. यंत्र ठशाचा फोटो ठेवत नाही, ‘नुसते आकडे’ ठेवतं, असं सांगतात. मग काळजी कशाला?

उत्तर: आकडे ठेवतं हे खरं, पण ते तुमच्याच बोटाचे. ठशातल्या रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, त्या बिंदूंची जागा आणि दिशा त्यात असते. याला टेम्प्लेट म्हणतात. त्यावरून यंत्राला फसवेल इतपत ठसा परत बनवता येतो, हे संशोधकांनी दाखवलंय. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटं मात्र दहाच. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे ५६ लाख लोकांच्या ठशांची माहिती चोरीला गेली. ते ठसे आता कोण बदलून देणार?

म्हणून यंत्र बसवणाऱ्याला आधी विचारा, जुळवणी कशाशी होते? टेम्प्लेट तुमच्या कार्डात असेल, तर बोट फक्त त्या एकाशी ताडलं जातं आणि मध्यवर्ती साठा लागतच नाही. नुसतं बोट टेकवायचं असेल, तर ते सगळ्यांच्या नोंदींत शोधलं जातं. एका तुलनेत चुकीच्या जुळणीची शक्यता लाखात एक धरली, तरी हजार नोंदींत शोधताना ती शंभरात एकाच्या आसपास जाते. म्हणजे दुसऱ्याच्याच नावावर हजेरी! जुळणीचा निकष कडक केला की खरी माणसं दाराबाहेर ताटकळतात.

नोंदणी टाळता येणार नसेल, तर दोन्ही हातांचं एकेक बोट द्या, म्हणजे एकाला कापलं तर दुसरं चालतं. बोटाचा मधला भाग काचेवर सपाट टेकवा. कोरड्या बोटाच्या रेषा तुटक उमटतात, ओल्याच्या एकमेकींत मिसळतात. ज्यांच्या रेषा कामाने झिजल्या आहेत, त्यांच्यासाठी कार्ड किंवा पिन ठेवायलाच हवा. आणि नोकरी सोडताना टेम्प्लेट यंत्रातून, सर्व्हरवरून आणि बॅकअपमधूनही पुसल्याचं लेखी घ्या. बॅकअप हमखास विसरला जातो.

प्रश्न: पण कार्डाचीही नक्कल होते ना?

उत्तर: होते. १२५ किलोहर्ट्‌झची साधी कार्डं विचारेल त्या वाचकयंत्राला तोच क्रमांक सांगतात, त्यामुळे नक्कल काही सेकंदांचं काम. मायफेअर क्लासिक या प्रकारच्या कार्डांचं कूटलेखन, म्हणजे माहिती गुप्त संकेतांत झाकण्याची पद्धत, तर २००८ मध्येच फुटलं. एईएस या अधिक मजबूत कूटलेखनाचं कार्ड मागा. शिवाय हरवलेलं कार्ड रद्द करता येतं, हा फायदा बोटाला नाही.

प्रश्न: मग फोन चेहऱ्याने उघडणंही बंद करू?

उत्तर: गरज नाही. आयफोनसारख्या फोनात टेम्प्लेट फोनमधल्याच वेगळ्या सुरक्षित भागात राहतं, बाहेर जात नाही. फक्त साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालणारी सोय टाळा, त्यातल्या काहींना छापील फोटोही पुरतो. फोन दुसऱ्याच्या हाती जाण्याची शक्यता वाटली, तर आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरा. बंद करण्याची पट्टी दिसली की पुढच्या वेळी तो पासकोडच मागतो.