गाणं कुणाचं, हे विचारणारी नोकरी

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हार्मोनियमची मध्यमा झाली आहे. गेल्या वर्षापासून ओळखीतल्या एका साडीच्या दुकानाच्या इन्स्टाग्राम पोस्ट आणि रील ती करून देते, थोडेफार पैसे मिळतात. दिवाळीला तिने एका गाजलेल्या हिंदी गाण्यावर रील केलं आणि मालकांनी पैसे लावून त्याची जाहिरात चालवली. आता गाण्याच्या कंपनीकडून दुकानाला नोटीस आली आहे. मालक तिच्यावर चिडले आहेत. ती दोन दिवस रडली आणि आता म्हणते, ‘बाबा, मला हेच शिकायचंय, म्युझिक लायसन्सिंग.’ हे खरंच क्षेत्र आहे, की चार दिवसांत उतरणारं खूळ? – एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. आधी नोटिशीचं बोलू, कारण तो विषय डोक्यावर असताना करिअरबद्दल कुणाला नीट ऐकू येत नाही.

मालकांना सांगा, जाहिरात आजच थांबवा आणि रील काढा. ती किती तारखेपासून किती तारखेपर्यंत चालली, तिच्यावर किती पैसे लावले, याचे स्क्रीनशॉट त्याआधी काढून ठेवा. नोटीस कपाटात टाकू नका आणि घाईने ‘चुकलं, माफ करा’ असा मेलही पाठवू नका. उत्तर वकिलामार्फत जाऊ दे. अशी प्रकरणं बऱ्याचदा रक्कम ठरवून मिटतात, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, तेव्हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मुलीवर मात्र चिडू नका. तिची चूक शहाण्यासुरत्या माणसांकडूनही होते. अॅपमध्ये गाणं दिसतं, बोट लावलं की रीलला चिकटतं. मग ते वापरायला परवानगी आहे असंच कुणालाही वाटणार. पण अॅपच्या कंपनीने संगीत कंपन्यांशी केलेला करार असतो तुमच्या-आमच्या घरगुती वापरासाठी. भाचीच्या बारशाचं रील त्यात बसतं, पैठणीवर वीस टक्के सूट हे त्यात बसत नाही. म्हणूनच बिझनेस अकाउंटला गाण्यांची यादी तोकडी दिसते, आणि अॅपमधलं असं गाणं लावलेलं रील बूस्ट करायला, म्हणजे पैसे लावून जाहिरात म्हणून चालवायला, गेलं की अडतं. तिने बहुधा गाणं बाहेरच्या एडिटिंग अॅपमध्ये आधीच जोडून व्हिडिओ चढवला असणार. तिला विचारून बघा. ‘पंधरा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘खाली क्रेडिट दिलं की झालं’ या दोन्ही समजुतींना कायद्यात आधार नाही.

यात मोठे मोठेही सापडतात. मे २०२४ मध्ये सोनी म्युझिकने अमेरिकेत मॅरियट या हॉटेल कंपनीवर दावा लावला होता, तो सोशल मीडियावरच्या शेकडो पोस्टमध्ये विनापरवाना गाणी वापरल्याबद्दल. त्यात हॉटेलसाठी इन्फ्लुएन्सरांनी केलेल्या पोस्टही होत्या. पुढे तो दावा मिटला. जगभर हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीवर ही वेळ येते, तिथे तुमच्या दुकानाच्या मालकांना कोण सांगणार होतं? अशी सांगणारी माणसं कमी आहेत, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

आता म्युझिक लायसन्सिंगचं, म्हणजे गाणं वापरायची परवानगी देण्या-घेण्याच्या धंद्याचं, मूळ समजून घ्या. तुम्ही ऐकता ते एक गाणं, पण कायद्याच्या वहीत त्याची निदान तीन खाती असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. गीतरामायणाचंच बघा. गदिमा १९७७ साली गेले, सुधीर फडके २००२ साली. आपल्याकडे शब्द आणि चालीवरचा हक्क मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे शब्दांचा २०३७ अखेरपर्यंत आणि चालीचा २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रसिद्ध झालं तिथून मोजतात. त्यामुळे एखादी जुनी तबकडी मोकळी झाली तरी त्यातलं गीत मोकळं झालेलं नसतं. तुकोबांच्या अभंगाचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, पण गेल्या पन्नास वर्षांत कुणी दिलेली चाल असेल तर तिच्या मालकाला विचारावं लागतं. भजनी मंडळाचं सोडा, अगरबत्तीच्या जाहिरातीचं म्हणतोय मी.

चित्राला गाणं जोडायचं तर शब्द-चालीसाठी लागते ती ‘सिंक’ परवानगी, आणि तेच ध्वनिमुद्रण वापरायचं तर वर ‘मास्टर’. हिंदी चित्रपटगीतांत बहुतेकदा दोन्ही एकाच लेबलकडे, म्हणजे संगीत कंपनीकडे, असतात, त्यामुळे एका दारात काम होतं. स्वतंत्र कलाकारांच्या आणि परदेशी गाण्यांत चार-चार दारं ठोठावावी लागतात. तुमच्या मुलीच्या मनात येईलच, की मीच ते गाणं पेटीवर वाजवलं तर? मास्टरचा प्रश्न सुटेल, सिंकचा नाही. एआयने कुणाच्या आवाजाची नक्कल केली तरी सुटका नाही. अरिजित सिंग यांच्या आवाजाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तसा मनाई आदेश दिला आहे.

परवानगी मिळाली म्हणून काम संपत नाही, खरी मेख पुढेच असते. कोणत्या देशांत, किती महिने, कोणत्या माध्यमात, किती सेकंद, नुसती पोस्ट की पैसे लावलेली जाहिरात, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. पोस्टचं लायसन्स घेऊन ती बूस्ट केली की ते अपुरं पडतं. सहा महिन्यांचं लायसन्स संपलं आणि रील पेजवर तसंच राहिलं, तरी पुन्हा भंग होतो. माझ्या ओळखीतल्या एका जाहिरात संस्थेत असंच झालं. सगळी परवानगी रीतसर घेतलेली, फक्त मुदत संपल्याची तारीख कुणाच्याच कॅलेंडरमध्ये नव्हती. ते कॅलेंडर सांभाळणं हीसुद्धा एक नोकरी आहे, आणि मला वाटतं बी.कॉम.च्या मुलीला ती वकिलाइतकीच चांगली जमेल.

आपल्याकडे हे क्षेत्र का वाढतंय तेही सांगतो. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चित्रपटगीताचा हक्क सर्वसाधारणपणे निर्मात्याकडे जायचा. गीतकार-संगीतकाराला एकदा पाकीट मिळालं की विषय संपला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढवला होता. आता चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांना समान वाटा असतो आणि तो त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. वाटा आला म्हणजे हिशेब आला. कोणतं गाणं कुठे किती वेळा वाजलं, कुणाच्या नावावर किती जमा करायचे. १९६९ मध्ये सुरू झालेली आयपीआरएस गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी हे करते. गायक-वादकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इसरा) ही संस्था आहे.

तेव्हा कामं कुठे? लेबलांच्या सिंक विभागात, अशा संस्थांच्या हिशेब विभागात, जाहिरात संस्थांत आणि ओटीटीच्या मालिका बनवणाऱ्यांकडे क्लिअरन्सला, म्हणजे परवानग्या मिळवायला, आणि यूट्यूबवरचे कॉन्टेंट आयडीचे, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतून येणारे, दावे सांभाळणाऱ्या कंपन्यांत. एक अडचण स्पष्ट सांगतो : बहुतेक कामं मुंबईत आहेत. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो आणि दिवसातला बराच वेळ एक्सेलमध्ये आणि मेलला उत्तर न देणाऱ्यांना फोन करण्यात जातो. गाणाऱ्या मुलीला वाटेल की संगीताच्या जवळ जातेय. प्रत्यक्षात ती संगीताच्या सातबाऱ्याजवळ जाईल. तो वाचायला आवडत असेल तरच पुढे.

शिक्षणाबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. लगेच एलएल.बी.च्या मागे लागू नका. बी.कॉम. पुरं होऊ दे. दरम्यान जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा, प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, तो तिने करावा. इग्नूची बौद्धिक संपदा हक्कांवरची पदव्युत्तर पदविका पदवीनंतर घरून करता येते. वर्षभर एखाद्या ठिकाणी काम केल्यावरही करार वाचण्यातच रमत असेल, तर सीईटी देऊन तीन वर्षांचं लॉ. तेव्हा तिला कळलेलं असेल की ती कशासाठी शिकतेय. रागाच्या भरात घेतलेला प्रवेश दुसऱ्या सेमिस्टरला जड होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

खूळ आहे की नाही, हे तपासायचा एक उपाय सुचवतो. तिला आवडत्या दहा मराठी गाण्यांची यादी करू दे. प्रत्येकासमोर गीतकार, संगीतकार, लेबल आणि आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाला मिळणारा अक्षरं-आकडे मिळून बारा चिन्हांचा क्रमांक, लिहू दे. मग त्यातलं एक गाणं साडीच्या जाहिरातीला तीन महिने वापरायचं तर काय दर पडेल, असा मेल त्या लेबलला टाकू दे. उत्तर येईल, येणार नाही, किंवा आकडा ऐकून मालक पाणी मागतील. पण दहा रकाने भरताना ती कंटाळते की त्यात हरवते, हे तुम्हाला शेजारी बसून दिसेल.

आणि मालकांचा राग निवला की त्यांना म्हणावं, पाडव्याच्या रीलला तीच पेटीवर स्वतःची तीस सेकंदांची चाल बांधून वाजवेल. फुकट नाही हं. एका पानावर लिहून : कोणतं रील, किती महिने, बूस्ट करायचं की नाही, किती रुपये. खाली दुकानाची सही, आणि हक्कधारक म्हणून तिची.