वडील ८१ वर्षांचे आहेत आणि मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली आहे. या वयात ऑपरेशन करावे का?

तुम्ही लिहिले आहे की वडील रत्नागिरीजवळच्या गावी राहतात, अजून बागेत स्वतः शिंपणे करतात, गाठ मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला आहे, स्कॅनमध्ये ती इतरत्र पसरलेली दिसत नाही, आणि भावकीतले सगळे ‘आता या वयात कापाकापी कशाला’ म्हणत आहेत. मी मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा सर्जन आहे. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी मुंबईत झाली, गेली चौदा वर्षे कोकणातच काम करतो, आणि माझे निम्म्याहून अधिक रुग्ण सत्तरीपुढचे असतात. माझे मत असे की ८१ या आकड्यावरून ऑपरेशन नाकारू नये, आणि केवळ गाठ काढता येण्यासारखी आहे म्हणून ते करूही नये. वडिलांच्या शरीरात आज किती कस आहे आणि ऑपरेशननंतर त्यांना काय करता आले पाहिजे, यावर निर्णय घ्यावा.

हे मला उशिरा कळले. उमेदवारीच्या काळात मी राजापूरकडच्या ७९ वर्षांच्या एका आजींचे ऑपरेशन केले होते. गाठ पूर्ण निघाली, आतड्याचा जोड सुटला नाही, जखम भरली, आणि आमच्या नोंदवहीत ते ऑपरेशन यशस्वी ठरले. तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या तेव्हा मुलाने त्यांना उचलून खुर्चीवर बसवले. जेवण जाते का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “जेवते रे बाबा, पण चुलीपाशी जाववत नाही.” त्यांच्या केसपेपरवर हिमोग्लोबिन होते, इसीजी होता, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होती, पण ऑपरेशनपूर्वी त्या घरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण, चढू शकत होत्या का, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.

२००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या २२६ गंभीर आजारी रुग्णांना विचारले होते की उपचाराने जीव वाचेल, पण पुढे शरीराने पूर्ण परावलंबी व्हावे लागेल, तर उपचार घ्याल का. ७४.४ टक्के लोकांनी नको म्हटले. बुद्धी कायमची जाणार असेल तर नको म्हणणारे ८८.८ टक्के होते. आम्ही सर्जन मात्र वर्षानुवर्षे तीस दिवसांत रुग्ण दगावला की नाही, एवढेच मोजत आलो.

कस मोजायला महागडी तपासणी लागत नाही. पडवीत हाताची खुर्ची ठेवा, तिच्यापासून ३ मीटरवर खडूने रेघ मारा आणि वडिलांना उठून, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन, वळून परत येऊन बसायला सांगा. १२ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. घड्याळाइतकेच त्यांच्या हातांकडेही लक्ष द्या, कारण जो माणूस खुर्चीचे हात दाबल्याशिवाय उठू शकत नाही, त्याच्या मांड्यांतली ताकद गेलेली असते. शिवाय न कळत वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे, या पाचांपैकी तीन गोष्टी दिसल्या तर ऑपरेशनआधी तयारी हवीच.

ही तयारी म्हणजे वेळ घालवणे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि मानसिक आधार दिला. त्यांच्यात गंभीर गुंतागुंत १७.१ टक्के रुग्णांना झाली, इतरांत २९.७ टक्के. आपल्याकडे मात्र आजार कळला की घरचे माणसाला खाटेवर बसवतात आणि नुसती पेज देतात. पेज पचायला हलकी असते खरी, पण तेवढ्यावर स्नायू टिकत नाहीत. डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल तर तिच्याबरोबर अंडे, मासे, कुळथाची पिठी, डाळ, दही द्या, आणि त्यांचे शिंपणे झेपेल तेवढे चालू राहू द्या. मात्र पोट फुगणे, उलट्या, शौच आणि वायू दोन्ही थांबणे असे काही झाले तर एक दिवसही थांबू नका. आतडे बंद झाल्यावर रात्री धावपळीत करावे लागणारे ऑपरेशन वृद्धांसाठी नियोजित ऑपरेशनपेक्षा कितीतरी पटींनी धोक्याचे असते, आणि ‘या वयात नको’ म्हणून टाळलेल्या अनेक गाठी शेवटी तिथेच पोहोचतात.

रुग्णालयात एक गोष्ट तुम्हीच सांभाळायची आहे. थिएटरमध्ये नेताना कवळी, चष्मा आणि कानाचे यंत्र काढून नातेवाइकांच्या हाती देतात, आणि ते दोन-दोन दिवस पिशवीतच राहते. म्हातारा माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, मग तो भांबावतो, नळ्या ओढतो, आणि घरच्यांना वाटते की वेड लागले. शुद्ध येताच, डॉक्टरांना विचारून, चष्मा आणि यंत्र लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री झोपू द्या, आणि परवानगी मिळताच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवा.

वडिलांशी बोलताना मुलांनी परस्पर ठरवू नये. ‘बाबा, नंतर काय जमलेच पाहिजे असे तुम्हाला वाटते?’ असे विचारा आणि त्यांचे उत्तर जसेच्या तसे सर्जनला सांगा. बागेपर्यंत चालत जाता आले तरच जगायचे, असे कोणी म्हटले तर त्याप्रमाणे ऑपरेशनचा बेत बदलतो. कधी आतड्याला जोड देण्याऐवजी त्याचे तोंड पोटावर काढून शौचासाठी पिशवी ठेवणे अधिक सुरक्षित ठरते, आणि कस फारच उतरलेला असेल तर ऑपरेशन न करता त्रास कमी करणारे उपचार देणेही योग्य असते. पिशवीची शक्यता असेल तर ऑपरेशनआधी त्यांना नेहमीसारखे धोतर नेसवून, उभे करून आणि बसवून जागेवर शाईची खूण करून घ्या, म्हणजे कमरेची गाठ पिशवीवर येणार नाही आणि ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.