घर विकताना ईपीसी: आधी कागद शोधा, मग असेसरला बोलवा

प्रश्न: ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे, २०१३ ला घेतलं, आता आईबाबांसाठी पुण्याला परत जायचं म्हणून विकायला काढतोय. एजंट म्हणतो ईपीसी, म्हणजे घराला ऊर्जा किती लागते त्यावर ए ते जी ग्रेड देणारं सर्टिफिकेट, लागेल. घर घेताना मिळालेलं आहे, त्यात डी ग्रेड आहे, ते चालेल का? मित्र म्हणतो सी नसेल तर घर विकताच येत नाही, म्हणून खिडक्या बदलायचा विचार चाललाय. बाकी कुठले कागद लागतात?

उत्तर: खिडक्यांची ऑर्डर आधी थांबवा! घर विकायला किमान ग्रेडची अट नाहीये, ए पासून जी पर्यंत काहीही आलं तरी विकता येतं. मित्राने बहुतेक भाड्याचा नियम ऐकला असेल, आणि तिथेही सर्वसाधारणपणे ई पुरतो. डी म्हणजे ५५ ते ६८ मार्क, तुमच्या काळातल्या घरांना तो सर्रास मिळतो, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

जुनं सर्टिफिकेट मात्र चालणार नाही, ते १० वर्षंच व्हॅलिड असतं. सरकारी रजिस्टरवर पोस्टकोड टाकला की फुकट दिसतं. नवीन काढायला घर बाजारात टाकायच्या आधीच असेसरला (घर तपासून ईपीसी देणाऱ्याला) सांगून ठेवावं लागतं, नाहीतर २०० पाउंड दंड होऊ शकतो.

आता महत्त्वाचं, आणि हे मी कळकळीने सांगतेय कारण लोक इथेच मार्क घालवतात. असेसर भिंत फोडून बघत नाही, त्याला जे दिसतं किंवा ज्याचा कागद मिळतो तेच तो धरतो, बाकी सगळं घराच्या वयावरून गृहीत. तुम्ही भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन (ऊब टिकवणारा थर) भरून घेतलं असेल पण पुरावा नसेल तर तुमचे पैसे खर्च झाले आणि मार्क मात्र नाहीत असं होऊ शकतं. त्याची २५ वर्षांची गॅरंटी बऱ्याच जणांकडे असते, कुठल्यातरी फाइलीत पडलेली, ती शोधा. लॉफ्टचंही, म्हणजे छताखालच्या माळ्याचंही, तसंच, आमच्या घराच्या वेळी आम्ही वर फळ्या ठोकून सामान ठेवलं होतं, खाली जाड इन्सुलेशन होतं पण असेसरला मोजताच आलं नाही, एक फळी उचलून ठेवली असती तर काम झालं असतं. बॉयलरचं मॉडेल दिसेल असं ठेवा.

बाकी कागदांत सॉलिसिटर (विक्रीचं काम बघणारा वकील) तुमच्याकडून टीए६ आणि टीए१० हे फॉर्म भरून घेईल, पहिल्यात घराची माहिती, दुसऱ्यात काय ठेवून जाणार काय नेणार ते. टीए६ मध्ये शेजाऱ्याशी झालेला वाद, पाणी शिरलेलं, काही लपवू नका, नंतर अंगाशी येतं. एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्सा सर्टिफिकेट, म्हणजे खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचा कागद (हरवलं तर पैसे भरून डुप्लिकेट मिळतं), बॉयलर बसवल्याचा कागद, मागे एक्स्टेंशन केलं असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं कम्प्लिशन सर्टिफिकेट. मालकीची नोंद लँड रजिस्ट्रीत असते, ती सॉलिसिटर काढतो, तुम्ही पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा द्या. फ्लॅट असता तर मॅनेजिंग एजंटकडून लीजची माहिती मागवावी लागली असती आणि ती यायला आठवडे जातात, तुमचं ते वाचलं.

ह्या रविवारी दोघांनी बसून फाइली काढा, मग असेसरची तारीख घ्या, आणि तो यायच्या आदल्या दिवशी लॉफ्टच्या झडपेखालचं सामान बाजूला करा.